सत्राचं काम छापून बघा: मराठवाड्यात ग्राफिक डिझाइन आणि छपाई शिकणाऱ्यांसाठी

१४ एप्रिल जवळ आला की फ्लेक्सच्या दुकानांत एक तक्रार हमखास ऐकू येते: "कॉम्प्युटरवर निळा होता, बॅनरवर जांभळा कसा आला?" दुकानदार मशीनला बोल लावतो, मशीनवाला शाईला. चूक बहुतेक वेळा फाइलमध्ये असते. छपाईतला निळा सायन (आकाशी) आणि मॅजेंटा (गडद गुलाबी) या दोन शाया मिळून होतो. सायनची शाई पूर्ण शुद्ध नसते, तिच्यात मॅजेंटाचा गुण आधीच थोडा असतो. दोन्ही शंभर-शंभर टक्के ठेवले की रंग जांभळ्याकडे कलतो. सायन १०० ठेवून मॅजेंटा ६५ ते ७० वर आणला की निळा निळाच राहतो.

हे कळायला चार वर्षांची पदवी लागत नाही, पण चार वर्षांची पदवी घेऊनही अनेकांना ते कळलेलं नसतं. कारण असाइनमेंट पडद्यावर होते, पडद्यावर तपासली जाते आणि पेन ड्राइव्हवर मरते. म्हणून पुढच्या सगळ्या सूचनांमागे एकच आग्रह आहे: प्रत्येक सत्रात किमान एक काम खरोखर छापून घ्या, त्याची घडी घाला, कापा आणि भिंगाखाली बघा.

रस्ते कोणते

दहावीनंतर लवकर हाताला काम हवं असेल तर आयटीआयचा डेस्कटॉप पब्लिशिंग ऑपरेटर हा एक वर्षाचा ट्रेड आहे. बारावीनंतर चार वर्षांचा बीएफए, त्यात उपयोजित कला ही शाखा घ्यायची. छत्रपती संभाजीनगरला त्यासाठी शासकीय कला महाविद्यालय आहे. प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या एएसी सीईटी या कला प्रवेश परीक्षेतून होतो. तिच्यात संकल्पचित्र, वस्तुचित्र आणि स्मरणचित्र अशी तीन प्रात्यक्षिकं असतात आणि सामान्य ज्ञानाचा एक पेपर. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेल्यांना या प्रात्यक्षिकांची ओळख असते, पण वेळ लावून सराव न केल्यास वस्तुचित्र अर्धं राहतं.

छपाईचं यंत्रशास्त्रच शिकायचं असेल तर पुणे-मुंबई गाठावी लागते. मुंबईची शासकीय मुद्रण तंत्र संस्था आणि पुण्याचं पुणे विद्यार्थी गृहाचं अभियांत्रिकी महाविद्यालय ही त्यातली जुनी नावं. बीव्होक (व्यावसायिक पदवी), जनसंवाद आणि माध्यम-निर्मितीचे अभ्यासक्रम आठही जिल्ह्यांत विखुरलेले आहेत. संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव इथली कॉलेजं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे येतात. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली इथली स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे. जागा, शुल्क आणि पात्रता दरवर्षी बदलतात, ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच बघा.

माहितीपत्रकावर विसंबून प्रवेश घेऊ नका. एकदा दुपारच्या वेळी लॅबमध्ये जा आणि चार गोष्टी विचारा. विद्यार्थ्याला स्वतः प्लेट (छापायची प्रतिमा असलेला धातूचा पत्रा) लावायला मिळते का, की फक्त मशीन दाखवतात? कटिंग मशीन चालू आहे का? मागच्या वर्षीच्या मुलांनी छापलेलं काही हातात देता येईल का? आणि युनिकोड (कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येणारं) मराठी कुठल्या पेपरात शिकवता? शेवटच्या प्रश्नावर शिक्षक गोंधळले तर ते काम तुम्हालाच स्वतःचं स्वतः शिकावं लागणार, एवढं धरून चाला. त्यासाठी प्रवेश नाकारायची गरज नाही.

कॉम्प्युटरबद्दल थोडक्यात. १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी आणि आयपीएस पडदा एवढं पुरतं. पैसे वाचवायचेच तर ग्राफिक कार्डात वाचवा, पडद्यात नको. लोडशेडिंगच्या गावात डेस्कटॉपला यूपीएस हवाच. सॉफ्टवेअर विकत घेणं परवडत नसेल तर इंकस्केप, गिंप, स्क्रायबस आणि व्हिडिओसाठी डाव्हिंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती यांवर शिकता येतं. प्रेसमध्ये मात्र कोरल आणि अडोबी यांचंच राज्य आहे, म्हणून कॉलेजच्या लॅबमध्ये मिळणारे तास त्यांच्यासाठी राखून ठेवा.

मराठी अक्षर: पहिलं सत्र इथंच घालवा

मराठवाड्यात मिळणारं काम बघितलं तर दहातली आठ कामं मराठी मजकुराची असतात. अभ्यासक्रमातला टायपोग्राफीचा भाग मात्र बहुधा रोमन अक्षरावर बेतलेला असतो. ही दरी तुम्हीच बुजवायची.

आधी कीबोर्ड. टायपिंगची मराठी ३० शब्दांची परीक्षा दिली असेल तर रेमिंग्टनवर, म्हणजे टाइपरायटरच्या मांडणीवर, हात बसलेला असतो. त्या पद्धतीची मांडणी युनिकोडमध्येही मिळते. नव्याने शिकणाऱ्याने इनस्क्रिप्ट ही मांडणी शिकावी. ती प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये असते आणि दोन-तीन आठवडे रोज अर्धा तास दिला की हात चालायला लागतो. इंग्रजीत लिहून मराठी उमटवण्याच्या सवयीने जाहिरातीपुरतं भागतं, पण शंभर पानांच्या पुस्तकात तीच सवय चुकांचं कोठार होते.

मग सॉफ्टवेअरची सेटिंग. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या मेनूतून वर्ल्ड-रेडी कंपोजर निवडा. इलस्ट्रेटरच्या प्रेफरन्समध्ये टाइपखाली इंडिक पर्याय दाखवण्याची खूण करा, फोटोशॉपमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट. हे न केल्यास पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटी होऊन हलन्तासकट दिसतात. नांदेड किंवा संभाजीनगरला उर्दू मजकुराचंही काम येतं; उजवीकडून डावीकडे जाणारी ओळ हाच कंपोजर सांभाळतो. त्यानंतर कॅरेक्टर पॅनेलमध्ये भाषा मराठी करा. फॉन्टमध्ये सोय असेल तर मराठी वळणाचे ल आणि श त्यामुळे आपोआप येतात. नाहीतर हिंदी वळणाचा ल घेऊन मराठी पत्रिका छापली जाते आणि आजोबांच्या नजरेला ते लगेच खटकतं.

एक अक्षर जवळून बघू. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे दरीचं अनेकवचन. पहिल्यात रफार डोक्यावर, दुसऱ्यात पापणीसारखा आडवा र. युनिकोडमध्ये पापणीचा र काढायला साधा र चालत नाही, खाली टिंब असलेला ऱ घ्यावा लागतो. इनस्क्रिप्टवर शिफ्ट धरून जे दाबा, मग हलन्त, मग य. 'शेतकऱ्यांना', 'सुऱ्या', 'वाऱ्यावर' हे सगळे शब्द असेच. निवडणुकीच्या पत्रकात 'शेतकर्यांना' छापलं गेलं की डिझायनरला हे शिकवलंच नव्हतं हे कळतं.

आकाराचं गणित रोमनपेक्षा वेगळं आहे. देवनागरीत वर मात्रा-अनुस्वार आणि खाली उकार असल्यामुळे अक्षराचा गाभा लहान दिसतो. पुस्तकाच्या मजकुराला १२ पॉइंट अक्षर आणि १७ पॉइंट ओळ ही सुरुवात चांगली. १२ वर १४ ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. अक्षरांमध्ये ट्रॅकिंग (जादा अंतर) देऊ नका, शिरोरेषा तुटते. साध्या अक्षराला बाहेरून स्ट्रोक देऊन ठळक करू नका, 'क्ष' आणि 'द्ध' यांच्या पोकळ्या बुजतात. मुक्ता, बालू यांसारखे मोफत परवान्याचे फॉन्ट अनेक जाडींत मिळतात, त्यांतली खरी ठळक जाडी वापरा. अरुंद रकान्यात दोन्ही बाजू सरळ केल्या की शब्दांमध्ये भगदाडं पडतात. तिथे डावी बाजू सरळ आणि उजवी मोकळी बरी.

जुन्या फॉन्टचा प्रश्न अजून बरीच वर्षं राहणार. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीत देवनागरी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली की नुसती इंग्रजी गिचमिड दिसते. प्रेसकडे गेल्या वीस वर्षांच्या स्मरणिका, विशेषांक, जाहिराती याच स्वरूपात पडलेल्या असतात आणि पेजमेकरला तर युनिकोड कळतच नाही. कन्व्हर्टर वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो, पण नंतर पाच जागा डोळ्यांखालून घालाव्याच लागतात: पापणीचा र, रफाराची जागा, पहिली वेलांटी, अवतरणचिन्हं आणि आकडे. प्रूफ एकट्याने वाचू नका. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने छापील प्रतीवर बोट ठेवायचं. 'आशीर्वाद'चं 'आर्शीवाद', 'उज्ज्वल'चं 'उज्वल' आणि 'शुभेच्छुक'चं 'शुभेच्छूक' या तीन चुका आधी शोधा, त्या असतातच.

रंग आणि रिझोल्यूशन

पडदा लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशातून (आरजीबी) रंग बनवतो, कागद सायन, मॅजेंटा, यलो आणि काळा या चार शायांतून (सीएमवायके). पडद्यावरचा झगझगीत भगवा कागदावर उतरत नाही. मॅजेंटा ६० आणि यलो १०० पासून सुरुवात करा, सायन आणि काळा शून्य. सायनचा पाच टक्के शिरकाव झाला तरी भगवा मळकट होतो. काळा मजकूर फक्त काळ्या शाईत, १०० टक्के. आरजीबीतला काळा सीएमवायकेत आणला की चारही शायांत फुटतो आणि बारीक अक्षराला रंगीत झालर येते. मोठा काळा पट्टा असेल तर सायन ६०, मॅजेंटा ४०, यलो ४० आणि काळा १०० असा भरदार काळा चालतो. पण स्वॉचमधला रजिस्ट्रेशन हा रंग काळा समजून कधीही वापरू नका. तो चारही शाया शंभर टक्के टाकतो, शाई वाळत नाही आणि ढिगातल्या वरच्या कागदाच्या पाठीला लागते.

३०० डीपीआय (इंचाला ३०० पिक्सेल) हा आकडा सगळे पाठ करतात, तो कुठून आला ते थोड्यांनाच माहीत असतं. आर्ट पेपरवर इंचाला १५० ते १७५ ठिपक्यांच्या ओळी छापतात आणि चित्राला त्याच्या साधारण दुप्पट पिक्सेल लागतात. वर्तमानपत्राच्या कागदावर ओळी ८५ ते १००, म्हणून तिथे २०० डीपीआय पुरतो. शाईची एकूण मर्यादाही वेगळी: आर्ट पेपरला चारही रंग मिळून सुमारे ३०० टक्के, न्यूजप्रिंटला २४० च्या आत.

व्हॉट्सॲपवर आलेला फोटो साधारण १६०० पिक्सेलचा असतो. १६०० भागिले ३०० म्हणजे पाच इंच आणि थोडं वर. पत्रिकेतल्या फोटोला पुरेल, ए-फोर मुखपृष्ठाला नाही. गिऱ्हाईकाला फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, मूळ आकार टिकतो. जुन्या पत्रिकेतला छापील फोटो स्कॅन करायची वेळ आली तर स्कॅनरमधली डीस्क्रीन सोय चालू करा, नाहीतर ठिपक्यांवर ठिपके पडून जाळी दिसते.

दहापट मोठं दाखवणारं एक भिंग घेऊन ठेवा. छापील फोटोवर धरलं की चार रंगांचे ठिपके वेगवेगळ्या कोनांत दिसतात: काळा ४५ अंशांवर, सायन १५, मॅजेंटा ७५ आणि पिवळा शून्यावर. ठिपक्यांच्या फुलोऱ्याऐवजी कडेला सायनची किंवा मॅजेंटाची रेघ बाहेर आलेली दिसली तर रजिस्टर, म्हणजे रंगांचं एकमेकांवर नेमकं बसणं, हललंय.

कागदाचा हिशेब

डिझायनरला कागदाचा हिशेब येतो म्हटल्यावर प्रेसमालकाचा आवाजच बदलतो. पाचशे कागदांच्या रिमचं वजन काढायचं सूत्र सोपं आहे: लांबी गुणिले रुंदी इंचांत, गुणिले जीएसएम (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), भागिले ३१००. उत्तर किलोत येतं.

एक स्मरणिका घेऊ. आकार साडेपाच बाय साडेआठ इंच, आतली ६४ पानं, ७० जीएसएम मॅपलिथो (पुस्तकाचा साधा कागद), एकरंगी, ५०० प्रती. १८ बाय २३ च्या एका कागदावर दोन्ही बाजू मिळून या आकाराची १६ पानं बसतात, हा एक फॉर्म. म्हणजे एका प्रतीला चार कागद, ५०० प्रतींना २०००. मशीन लावताना वाया जाणारे कागद प्रत्येक फॉर्मला ७५ धरले तर आणखी ३००. एकूण २३०० कागद, म्हणजे ४.६ रिम. एका रिमचं वजन १८ × २३ × ७० ÷ ३१०० = ९.३५ किलो. ४.६ रिम म्हणजे ४३ किलो कागद. प्लेटा: चार फॉर्म, प्रत्येकाच्या दोन बाजू, आठ प्लेटा. तेच काम चाररंगी केलं की ३२ प्लेटा. रंगीत छपाई महाग का, याचं उत्तर या आकड्यात आहे. आणि ६४ ऐवजी ६६ पानं केली तर दोन पानांसाठी वेगळा फॉर्म लावावा लागतो. पानं सोळाच्या पटीत ठेवण्याचा आग्रह प्रेसवाले उगाच धरत नाहीत.

पानं फॉर्मवर कशी मांडायची हे पुस्तकातून वाचून कळत नाही. एक कोरा कागद तीनदा घडी घाला, न कापता कोपऱ्यांवर १ ते १६ आकडे टाका आणि उलगडा. कण्याच्या घडीला जोडलेल्या प्रत्येक दोन पानांची बेरीज १७ येईल. आकडे उलटसुलट का दिसतात तेही लगेच कळेल. ही कागदी डमी प्रत्येक कामाला करा, सॉफ्टवेअर मांडणी करून देत असलं तरी.

आता ग्रेन. कारखान्यात कागद ज्या दिशेने धावतो त्या दिशेला त्याचे तंतू जास्त असतात. एकाच कागदातून एक इंच रुंद आणि सहा इंच लांब अशा दोन पट्ट्या कापा, एक लांबीच्या दिशेने, एक रुंदीच्या. दोन्ही एकत्र टोकाला धरा. जी जास्त झुकते तिची लांबी ग्रेनच्या आडवी आहे. पुस्तकात ग्रेन कण्याला समांतर हवा, नाहीतर पानं उघडी राहत नाहीत. २५०-३०० जीएसएमची लग्नपत्रिका ग्रेनच्या आडवी दुमडली की घडीवर छपाई तडकते आणि लाल रंगावर पांढरी रेघ दिसते. घडी घालण्याआधी क्रीझ (घडीच्या जागी दाबून पाडलेली खाच) मारून घ्या. क्रीझचा उठलेला उंचवटा घडीच्या आत आला पाहिजे, बाहेर नव्हे. आणि पत्रिका छापायला घेण्याआधी मुलगी १८ आणि मुलगा २१ वर्षांचा झाल्याचा पुरावा मागायची सवय शिकतानाच लावून घ्या. बालविवाह इथे ऐकीव गोष्ट नाही.

फाइल प्रेसला देताना

क्रम मोडू नका, कारण पुढची पायरी मागची चूक लपवते.

१. कापल्यानंतरचा आकार हाच पानाचा आकार ठेवा आणि चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर वाढवलेली छपाई) द्या. महत्त्वाचा मजकूर कडेपासून किमान ५ मिमी आत. कटिंगला एखादा मिलिमीटर इकडे-तिकडे होणारच.

२. आधी प्रूफ मंजूर करून घ्या, सहीसकट, कागदावर. फोनवरचं "हो, चालेल" भांडणाच्या वेळी उपयोगी पडत नाही.

३. ओव्हरप्रिंट, म्हणजे खालचा रंग न कापता त्यावरच छापणं, तपासा. काळ्या मजकुराला ओव्हरप्रिंट हवा, पांढऱ्याला कधीच नको. काळ्याचं रूप बदलून पांढरं केलेलं अक्षर ओव्हरप्रिंटची खूण सोबत घेऊन येतं आणि प्लेटवरून नाहीसं होतं. पडद्यावर ते दिसत असतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. ॲक्रोबॅटमध्ये ओव्हरप्रिंट प्रिव्ह्यू चालू करून बघितलं की लगेच सापडतं.

४. रंगीत पार्श्वभूमीवर पांढरं देवनागरी अक्षर १० पॉइंटपेक्षा लहान आणि बारीक ठेवू नका. रजिस्टर केसभर हललं तरी मात्रा भरून जातात.

५. पीडीएफ-एक्स या छपाईसाठीच्या प्रमाणानुसार पीडीएफ काढा, फॉन्ट आत बसलेत याची खात्री करा. प्रेसवाला कोरलची फाइलच मागत असेल तर मजकुराचे कर्व्ह (फॉन्ट न लागणारे नुसते आकार) करून द्या, पण कर्व्ह न केलेली प्रत वेगळ्या नावाने जपा. "फक्त तारीख बदला" म्हणणारा गिऱ्हाईक पुढच्या वर्षी येतोच.

६. सेपरेशन प्रिव्ह्यूमध्ये प्लेटा एकेक बंद करून बघा. एकरंगी कामात चार प्लेटा दिसत असतील तर कुठेतरी आरजीबी फोटो राहिलाय.

मशीनजवळ उभं राहून

ऑफसेटचं तत्त्व एवढंच की तेल आणि पाणी मिसळत नाही. प्लेटवरचा छापायचा भाग शाई धरतो, बाकीचा पाणी धरतो, आणि प्रतिमा आधी रबरी ब्लँकेटवर आणि मग कागदावर जाते. निम्म्या तक्रारी या पाण्यातून निघतात. मशीनच्या पाण्याचा पीएच साधारण ४.८ ते ५.५ ठेवतात. आपल्याकडे बोअरचं पाणी जड. त्यातला चुना रोलरवर बसतो, रोलर गुळगुळीत होऊन शाई धरेनासा होतो आणि मशीनमन शाई वाढवत राहतो. आरओचं पाणी घेऊन त्यात ठरलेलं द्रावण टाकणं हा स्वस्तातला उपाय आहे. कोऱ्या भागावर करडी झाक आली तर पाणी कमी किंवा पीएच बिघडलाय. रंग फिके आणि धुरकट आले तर पाणी जास्त झालंय.

दुसरं कारण हवा. कागदाला ५० ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. लग्नसराई नेमकी एप्रिल-मेची, तेव्हा परभणी-नांदेडकडे पारा चाळिशीपार आणि हवा कोरडीठाक. कागदात स्थिर वीज तयार होते, फीडरमधून एकाऐवजी दोन कागद उचलले जातात. कडा आक्रसतात आणि दुसरा रंग पहिल्यावर नेमका बसत नाही. पावसाळ्यात उलट होतं, कडा लाटांसारख्या फुगतात. दोन्हीवर उपाय एकच: रिम गोडाउनमधून आणल्यावर न फोडता मशीनच्या खोलीत एक दिवस ठेवा आणि छापायच्या वेळीच फोडा. खोलीत कूलर असेल तर त्याचा झोत कागदावर नको.

इंटर्नशिपला गेलात की मशीनमनला काम शिकवा म्हणू नका. पहिले आठ दिवस कागद मोजा, रोलर धुवा, प्लेटला गम लावा. तो आपणहून बोलायला लागतो. ओढणी, सैल बाह्या आणि अंगठ्या मशीनजवळ चालत नाहीत. कटिंग मशीनच्या दोन बटणांपैकी एक बांधून ठेवलेलं दिसलं तर त्या मशीनला हात लावू नका. दोन्ही हात पात्याबाहेर राहावेत म्हणूनच दोन बटणं दिलेली असतात.

फ्लेक्स आणि पत्रकं

१७ सप्टेंबर असो की कुणाचा वाढदिवस, १० बाय १५ फुटांचा बॅनर हे नेहमीचं माप. ७२ डीपीआयने ती फाइल ८६४० बाय १२९६० पिक्सेलची होते, सीएमवायकेत सुमारे ४२७ एमबी. ३०० डीपीआयने केली तर कॉम्प्युटर बसतो आणि बॅनरवर फरक दिसत नाही, कारण तो वीस फुटांवरून वाचायचा असतो. चौकटीवर ताणायला चारही बाजूंनी चार इंच जास्त सोडा, तिथे मजकूर नको. रोल साधारण दहा फुटी असल्यामुळे त्याहून रुंद बॅनरला सांधा येतो. तो चेहऱ्यावर येणार नाही असं बघा, नाहीतर नेत्याच्या नाकावरून शिवण जाते. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे.

निवडणुकीचं पत्रक किंवा पोस्टर असेल तर लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ चं कलम १२७-अ पाठ असू द्या. मुद्रक आणि प्रकाशक यांचं नाव-पत्ता त्यावर छापलाच पाहिजे. प्रकाशकाची सही आणि त्याला ओळखणाऱ्या दोघांची साक्ष असलेलं घोषणापत्र आधी घ्यायचं, छापल्यावर त्याची प्रत आणि पत्रकाची प्रत ठरलेल्या अधिकाऱ्याकडे पाठवायची. मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कार्यकर्ता रात्री अकराला घाईत येतो तेव्हा हेच राहून जातं.

वेष्टनं आणि लेबलं

पुण्याला न जाता इथंच राहायचं असेल तर वेष्टनाच्या कामाकडे वळा. वाळूज-शेंद्र्याचे कारखाने, जालन्याच्या बियाणे कंपन्या, लातूरच्या डाळमिली या सगळ्यांना खोकी, पिशव्या, लेबलं लागतात. इथे सुंदर दिसण्याआधी बरोबर असावं लागतं. बियाण्याच्या टॅगचा रंग नियमाने ठरलेला आहे: पैदासकार बियाण्याला सोनेरी पिवळा, पायाभूतला पांढरा, प्रमाणितला निळा, सत्यप्रत बियाण्याला हिरवट. डिझाइनच्या हौसेपायी तो बदलता येत नाही. खाद्यपदार्थावर चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक, शाकाहाराची चौकोनातली हिरवी खूण, निव्वळ वजन, एमआरपी, उत्पादनाची तारीख, उत्पादकाचा पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क हे सगळं मोजून जागा राखून मगच चित्र बसवा.

बारकोडवर सगळ्यात जास्त माल परत येतो. तेरा आकडी बारकोडचा पूर्ण आकार कडेच्या कोऱ्या जागेसह ३७.२९ बाय २५.९३ मिमी असतो. ८० टक्क्यांपेक्षा लहान करू नका. दोन्ही कडांची कोरी जागा नक्षीने भरू नका. आणि पट्ट्या लाल रंगात कधीच नकोत: स्कॅनरचा उजेड लाल असतो, त्याला लाल पट्टी पांढरीच दिसते.

व्हिडिओ

लातूरच्या क्लासेसना आता पत्रकाइतकेच व्हिडिओ लागतात, त्यामुळे हे कौशल्य टाळून चालणार नाही. सेटिंग एकदाच ठरवा: १९२० बाय १०८०, २५ फ्रेम, शटर १/५०. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. ३० फ्रेम आणि १/६० ठेवलं की ट्यूबलाइट लुकलुकते आणि फळ्यावर पट्टे सरकतात. आवाज ४८ किलोहर्ट्झला, कॉलर माइक हनुवटीखाली एक वीत. डोक्यावरचा पंखा बंद करवत नसेल तर माइकला स्पंजची टोपी घाला आणि शिक्षक बोलण्याआधी दहा सेकंद नुसती खोली रेकॉर्ड करा, नंतर गोंगाट काढायला तोच नमुना लागतो. उभ्या रीलसाठी १०८० बाय १९२०, आणि मराठी मजकूर तळाच्या पट्ट्यापासून बराच वर, कारण तिथे ॲपची बटणं येतात.

पोर्टफोलिओत काय ठेवायचं

आठ-दहा कामं पुरतात, पण छापील. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलने कागद, जीएसएम, मशीनचं माप, प्लेटांची संख्या आणि प्रती लिहा. दुरुस्त्या केलेलं पहिलं प्रूफही सोबत लावा. तुम्ही काय पकडता हे प्रेसमालकाला त्यातून दिसतं. बिघडलेली एक प्रतही असू द्या, शेजारी सुधारलेली आणि दोन्हींचे रंगांचे आकडे. मुलाखतीला जाताना खिशात भिंग आणि स्टीलची पट्टी ठेवा, आणि दिवाळीनंतर जा, कारण लग्नसराईसाठी प्रेसला माणसं तेव्हाच कमी पडायला लागतात.